टाकलेली सुई कोणाला टोचते?

गेल्या श्रावणातली गोष्ट. प्रकाशाला श्रावणी सोमवार म्हणजे काय असते, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पहाटेपासून केदारेश्वराच्या दर्शनाला रांगा, तापीच्या घाटावर स्नानाची गर्दी, बेल-नारळाची दुकाने आणि शहादा-नंदुरबारकडून भरभरून येणाऱ्या गाड्या. अशा दिवशी माझ्या दवाखान्यात निम्मे पेशंट यात्रेकरूच असतात. कोणाचा पाय घाटावर घसरून मुरगळलेला, कोणाला उपासाने पित्त झालेले. रात्री दिवे मालवताना वाटले, चला, यंदाचा सोमवार सुखरूप पार पडला.

मंगळवारी सकाळी दवाखाना उघडला तर पायरीवर एक बाई बसलेली. गावात आणि घाटावर झाडलोट करणारी. उजव्या हाताचा तळवा पदरात घट्ट धरलेला. आदल्या दिवशीच्या गर्दीचा कचरा उचलताना तिने एक पिशवी दाबून टोपलीत भरली आणि आतली सुई अंगठ्याच्या बुडाशी खचकन घुसली. रक्ताचे दोन थेंब आले, एवढेच. एरवी तिने हात चोळून काम पुढे चालू ठेवले असते. पण काही दिवसांपूर्वी टीव्हीवर तिने ‘सुईने एड्स होतो’ असे काहीतरी ऐकले होते.

"भाऊ, माले काही व्हई तं नही ना? पोरं धाकली शेतस."

मी तिचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवायला लावला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि विचारले, "ताई, ती पिशवी कुठे आहे?" ती शहाणी बाई. पिशवी तिने टोपलीसकट बाहेर आणून ठेवली होती. मी हातमोजे घालून चिमट्याने ती उघडली. आत इन्सुलिनची रिकामी बाटली, वापरलेल्या चार-पाच सिरिंजा, रक्ताचे डाग पडलेला कापूस आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन सॅनिटरी पॅड.

खरे सांगतो, पिशवी उघडेपर्यंत मी मनातल्या मनात कुठल्यातरी दवाखान्यावर चिडलो होतो. पण ही पिशवी दवाखान्यातली नव्हतीच. ती एखाद्या घरातली होती. त्या घरातल्या माणसाला इन्सुलिन कोणीतरी लिहून दिले असेल. कदाचित मीच. इन्सुलिन किती घ्यायचे, जेवणाआधी किती वेळ घ्यायचे, पोटावर कुठे टोचायचे, हे सगळे मी पेशंटला दहा वेळा समजावतो. पण वापरलेली सुई कुठे टाकायची, हे मी इतक्या वर्षांत एकालाही सांगितले नव्हते. आजचा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहितो आहे.

काचेच्या सिरिंजपासून प्लॅस्टिकपर्यंत

वाचकांपैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांना जुने दवाखाने आठवत असतील. स्टोव्हवर पातेले, पातेल्यात उकळणारी काचेची सिरिंज आणि जाडजूड सुया. तीच सिरिंज उकळून पुन्हापुन्हा वापरायची. त्यात धोका होता, कारण उकळण्यात घाई झाली की एकाचा आजार दुसऱ्याला जाई. मग एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या आणि आम्ही डॉक्टर मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुई टोचली, फेकली, काम संपले!

पण ‘फेकली’ म्हणजे कुठे? हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा दवाखान्यामागे एक खड्डा होता. दिवसभराचा कचरा त्यात जाई. आठवड्यातून एकदा रॉकेल ओतून तो पेटवायचा. काळा धूर शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. पावसाळ्यात खड्डा भरून वाही, आणि आपल्या गावातले सगळे पाणी शेवटी जिथे जाते तिथेच तेही जाई. प्रकाशाला गोमाई आणि पुलिंदा तापीला मिळतात. या संगमाला आपण दक्षिण काशी म्हणतो, दशक्रिया आणि अस्थिविसर्जनाला लांबून लोक येतात. इथून पुढे तेच पाणी उकाईच्या धरणात जाते आणि खाली सुरत शहर ते पिते. आपल्या मागच्या दारचा खड्डा असा कोणाच्या तरी पुढच्या दारी पोहोचतो.

१९९८ चा जुलै महिना आपल्या लक्षात आहे तो १ तारखेला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला म्हणून. त्याच महिन्यात, २० जुलैला, केंद्र सरकारने दवाखान्यांच्या कचऱ्यासंबंधी पहिले नियम काढले. जैववैद्यकीय कचरा हा शब्द तेव्हा प्रथम आमच्या कानावर आला. पुढे २०१६ साली ते नियम बदलून अधिक कडक झाले. मोठ्या इस्पितळापासून गावातल्या एका खोलीच्या दवाखान्यापर्यंत, रक्त तपासणाऱ्या लॅबपासून लसीकरणाच्या शिबिरापर्यंत सगळे त्यांत आले. जनावरांचे दवाखानेसुद्धा आले.

हा धोका कागदावरचा नाही

काही लोकांना वाटते, हे सगळे शहरी चोचले आहेत. त्यांना मोडासा गावाची आठवण करून द्यावीशी वाटते. गुजरातमधल्या साबरकांठा भागातल्या या गावात २००९ च्या सुरुवातीला ‘ब’ प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. चौकशीत दूषित सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याचे पुढे आले. भंगारात गेलेल्या सिरिंजा धुऊन परत बाजारात विकल्या जात असल्याचेही तेव्हा उघड झाले. मोडासा काही परदेशात नाही. आपल्या शेजारच्या राज्यातले, तेव्हा आपल्या शहाद्यासारखेच तालुक्याचे असलेले गाव.

जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालाचा जगभराचा अंदाज काढला होता. दूषित सुयांच्या पुनर्वापरामुळे त्या एका वर्षात सुमारे २ कोटी १० लाख लोकांना ‘ब’ काविळीची, २० लाखांना ‘क’ काविळीची आणि २ लाख ६० हजारांना एचआयव्हीची लागण झाली असावी, असा तो अंदाज.

सुई टोचल्यावर धोका किती, हेही सांगतो, कारण घाबरवणे हा माझा हेतू नाही. सुई ज्याला वापरली त्याला ‘ब’ कावीळ असेल, तर टोचलेल्याला ती होण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत असते. ‘क’ काविळीच्या बाबतीत ती शंभरात दोनच्या आसपास, तर एचआयव्हीच्या बाबतीत हजारात तीन. म्हणजे लोक ज्याला सर्वांत घाबरतात त्याचा धोका सर्वांत कमी, आणि ज्याचे नावही घेत नाहीत त्या ‘ब’ काविळीचा सर्वांत जास्त. शिवाय ‘ब’ काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. सुई वाळली म्हणजे मेली, असे नाही. त्यातली चांगली गोष्ट एवढीच, की ‘ब’ काविळीवर उत्तम लस आहे.

चार रंगांचा हिशेब

दवाखान्यात वेगवेगळ्या रंगांच्या बादल्या ठेवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. ती शोभा नव्हे. पिवळ्या पिशवीत रक्त-पू लागलेला कापूस, बँडेज, शरीराचे काढलेले भाग आणि मुदत संपलेली औषधे. हा कचरा खास भट्टीत हजार अंशांच्या वर जाळतात. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा, म्हणजे निर्जंतुक करून चुरा करता येणारे प्लॅस्टिक. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड आणि तत्सम धारदार वस्तू. निळ्या खोक्यात औषधांच्या काचेच्या बाटल्या. न प्रक्रिया केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये, असा दंडक आहे.

दवाखान्यातल्या एकूण कचऱ्यापैकी साधारण ८५ टक्के आपल्या घरच्यासारखाच असतो : कागद, खोकी, फळांच्या साली. धोकादायक असतो तो १५ टक्के. पण हा १५ टक्के त्या ८५ मध्ये मिसळला की सगळाच धोकादायक होतो. दुधाच्या घागरीत मिठाचा खडा पडला तर आपण अर्धी घागर वाचवतो का? म्हणून कचरा जिथे निर्माण होतो तिथेच वेगळा करायचा. नंतर वेगळा करणे म्हणजे कोणाच्या तरी हातांना त्यात घालणे.

जिथे कचरा नेणारी गाडी पोहोचत नाही, अशा दुर्गम भागासाठी नियमांत खोल पुरण्याची सोय आहे. सुमारे दोन मीटर खोल खड्डा, प्रत्येक वेळी कचऱ्यावर मातीचा थर, खड्डा निम्मा भरला की चुना टाकून वर माती, जनावरे उकरणार नाहीत असे जाळीचे झाकण. जवळपास उथळ विहीर नको, आणि जमिनीतले पाणी खड्ड्याच्या तळापासून निदान सहा मीटर खाली हवे. म्हणूनच, जिथे पाणी वर असते अशा नदीकाठी हा खड्डा खणू नये.

यातले तत्त्व आपल्या लोकांना नवीन नाही. घरी बाळंतपण झाले की सुईण वार उघड्यावर टाकत नसे, अंगणात खोल खड्डा करून पुरत असे. कुत्र्या-मांजराने ती उकरू नये म्हणून वर दगड ठेवत असे. जे शरीरातून निघाले त्याची नीट व्यवस्था लावायची, ही समज आपल्या आजीला होती. आपण मधल्या काळात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उकिरड्यावर फेकली.

घराघरांत शिरलेला दवाखाना

पूर्वी इंजेक्शन म्हटले की दवाखाना. आता तसे राहिले नाही. मधुमेहाचे पेशंट घरी इन्सुलिन घेतात, बोटाला टोचून साखर तपासतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना डायपर लावतात. जखमेचे ड्रेसिंग घरी बदलतात. कपाटात मुदत संपलेल्या गोळ्यांचा साठा असतो. हा सगळा कचरा भाजीच्या देठांबरोबर एका पिशवीत जातो, आणि पिशवी रस्त्याकडेला. त्यानंतर तिच्याशी गाठ पडते ती झाडणाऱ्या बाईची, भंगार वेचणाऱ्या पोराची, पिशव्या फाडणाऱ्या गाईची.

या कचऱ्यात मोठा भाग सॅनिटरी पॅडचा. हा विषय पुरुष डॉक्टरने लिहावा का, असे काही वाचकांना वाटेल. मलाही संकोच वाटत होता. पण माझ्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्ही नाही लिहिले तर लिहिणार कोण?" त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. आश्रमशाळेतली एक मुलगी त्यांच्याकडे तपासायला आली होती. शाळेत टाकायला जागा नाही म्हणून ती वापरलेला पॅड कागदात गुंडाळून दिवसभर दप्तरात ठेवी, आणि अंधार पडल्यावर नाल्यात टाकी. पुढे पुढे टाकायची पंचाईत नको म्हणून ती सकाळी लावलेला पॅड संध्याकाळपर्यंत बदलेचना. त्यातून तिला खाज आणि जखमा झाल्या होत्या. म्हणजे कचऱ्याची सोय नसली की आधी आजारी पडते ती मुलगी, आणि नंतर तो कचरा उचलणारी बाई.

महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू केली तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याचे ठरले होते. पॅड खेड्यापाड्यात पोहोचले ही फार चांगली गोष्ट झाली. पण पॅड देताना तो टाकायची जागा दिली नाही, तर काम अर्धेच होते. बाजारातल्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा भाग मोठा असतो. तो मातीत वर्षानुवर्षे कुजत नाही. चुलीत जाळला तर विषारी धूर निघतो, आणि त्या चुलीपुढे बसलेली असते तीही बाईच. संडासात टाकला तर शोषखड्डा तुंबतो, आणि तो उपसायला पुन्हा कोणाला तरी हात घालावा लागतो.

पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरा वेचणाऱ्या महिलांनी यावर साधा उपाय सुचवला. वापरलेला पॅड किंवा डायपर कागदात नीट गुंडाळा आणि कागदावर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की उचलणारीला कळते, हे उघडायचे नाही. एका ठिपक्याला खर्च काय? पण तेवढ्याने एका माणसाची विटंबना टळते. २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा गुंडाळून द्यावा आणि उत्पादकांनी त्यासाठी पाकिटातच वेष्टन द्यावे, असे म्हटले होते.

ज्या बायका कापड वापरतात त्यांनी त्याची लाज बाळगू नये. स्वच्छ सुती कापड चार-सहा तासांनी बदलले, साबणाने धुतले आणि उन्हात वाळवले तर ते उत्तम. चूक होते ती लपवून, इतर कपड्यांखाली, ओलसर जागी वाळवण्यात. ऊन हे फुकटचे जंतुनाशक आहे. ते या कापडालाच का नाकारायचे?

घरी काय करावे?

१. इन्सुलिनची सुई वापरल्यावर टोपण परत बसवण्याच्या भानगडीत पडू नका, त्यातच बोटाला टोचते. सुई सरळ फिनेलच्या किंवा तशा जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाका. बाटलीवर ‘सुया’ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. तीन हिस्से भरली की झाकण घट्ट लावून आपल्या डॉक्टरांकडे न्या.

२. भरलेली बाटली भंगारवाल्याला देऊ नका.

३. पॅड, डायपर, रक्ताचा कापूस कागदात गुंडाळा, लाल ठिपका काढा आणि घंटागाडीत वेगळे द्या. नदी, नाला, विहीर, संडास या चार जागा वर्ज्य.

४. मुदत संपलेल्या गोळ्या गटारात ओतू नका. दवाखान्यात किंवा औषध दुकानात विचारून परत करा.

५. सुई टोचलीच, तर जागा दाबून रक्त काढू नका, तोंडात धरून चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, शक्यतो पहिल्या काही तासांतच, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. ‘बघू उद्या’ म्हणणे इथे महागात पडते.

६. झाडलोट करणाऱ्या प्रत्येक माणसाला ‘ब’ काविळीची लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, जाड हातमोजे आणि लांब चिमटा मिळाला पाहिजे. ग्रामसभेत हा विषय कोणीतरी काढावा. माझ्या मते तो डॉक्टरनेच काढावा, कारण सुया आमच्याच चिठ्ठीवर येतात.

त्या बाईचे पुढे काय झाले?

तिला मी त्याच दिवशी नंदुरबारला सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथे रक्त तपासून गोळ्या सुरू झाल्या, ‘ब’ काविळीच्या लसीचा पहिला डोस दिला गेला. गोळ्यांनी तिला मळमळ होई. चार दिवस ती कामावर गेली नाही आणि तेवढ्या दिवसांचा रोज बुडाला. महिन्याने दुसरा डोस झाला. मधल्या तपासणीला जायच्या आदल्या रात्री तिला झोप लागली नाही, असे तिच्या नवऱ्याने मला सांगितले. चूक कोणाची, आणि जागरण कोणाला!

मी माझ्या दवाखान्याच्या दाराशी एक पांढरा डबा ठेवला आहे. इन्सुलिन लिहून देताना आता पेशंटला सांगतो, "काका, सुया बाटलीत जमवा आणि पुढच्या वेळी येताना घेऊन या." पहिल्या महिन्यात दोघांनी आणल्या. एक आजोबा हसून म्हणाले, "डॉक्टर, औषधे परत घेणारा दुकानदार पाहिला, सुया परत घेणारा डॉक्टर पहिल्यांदाच पाहिला." आता दर आठवड्याला कोणी ना कोणी बाटली घेऊन येते.

सहा महिन्यांनी, महाशिवरात्रीच्या तोंडावर, ती बाई तिसरा डोस घेऊन आली. सगळ्या तपासण्या ठीक होत्या. तिने रिपोर्टचा कागद माझ्यापुढे धरला आणि मी तो वाचून दाखवेपर्यंत उभीच राहिली. ‘काही नाही’ असे म्हटल्यावर मग खाली बसली. तिच्या हातात आता जाड हातमोजे होते आणि कमरेला लोखंडी चिमटा खोचलेला. दोन दिवसांनी पुन्हा घाटावर गर्दी होणार होती, आणि गर्दी ओसरल्यावर तिला पुन्हा तिथेच जायचे होते.

वाचकहो, तुमच्या घरातून बाहेर पडणारी प्रत्येक पिशवी कोणीतरी हाताने उचलतो. आज रात्री पिशवीची गाठ मारण्याआधी एवढेच आठवा, आणि आत सुई असेल तर ती गाठ सोडा.